बगळीवरचा उंबरा

टायरच्या दुकानामागे एक लांबट खोली होती, आणि त्या खोलीत 'चुकलं' हा शब्द उच्चारायला बंदी होती.

बंदी कुणी भिंतीवर लिहून लावलेली नव्हती. ती एका भांडणातून आली होती. त्या खोलीत दर रविवारी दुपारी पाच जण आपापली वाद्यं घेऊन जमायचे. पाचही जण पाच दिशांनी पोटासाठी या शहरात आलेले. प्रत्येकाचं वाजवणं वेगळं, वाद्य वेगळं, आणि आपसात बोलायची भाषा म्हणाल तर कामापुरती. म्हणून त्यांनी गाणं ठेवलंच नव्हतं. गाणं आलं की कुणाच्या भाषेतलं घ्यायचं यावरून तंटा, त्यापेक्षा नुसतं वाजवावं हे बरं. मंडळाचं नाव त्यांनी 'सरमिसळ' ठेवलं होतं, आणि त्या नावाला निदान खोटं तरी कुणी म्हटलं नसतं.

अकॉर्डियन वाजवणारा थोराड म्हातारा म्हणजे कप्तान. आयुष्यभर तो बोटीवर स्वयंपाकी होता, पण कप्तान म्हटलं की खूश व्हायचा आणि फुकटात कुणी खूश होत असेल तर कशाला कंजूषपणा करा? डफ वाजवायचा एक गवंडी, दिवसाकाठी जेवढ्या विटा रचायचा त्यांच्या दहाव्या हिश्शाइतकेही शब्द न बोलणारा. फिडल, म्हणजे व्हायोलिनच, एका नर्सकडे होतं. बासरी प्राथमिक शाळेतल्या मास्तरांकडे, आणि मास्तरांना गप्प करायचा एकच उपाय होता, तो म्हणजे तोंडाला बासरी लावून देणं. पाचवी ताई. गोष्ट तिची आहे.

तर भांडण असं. मंडळ नवं होतं तेव्हा एकदा कप्तानाने गवंड्याला सांगितलं, "चुकलं तुझं. जोराचा ठोका पहिला असतो. तू शेवटचा जोरात मारतोस." गवंड्याने डफ पिशवीत घातला आणि निघून गेला. बरेच रविवार तो फिरकला नाही. शेवटी मास्तर त्याच्या कामाच्या जागी गेले आणि परांचीखाली उभे राहून वर बघत त्याची मनधरणी केली, तेव्हा कळलं की त्याच्या मुलखात मोजणीच तशी असते. तिथे सगळं शेवटच्या ठोक्यावर येऊन टेकतं. "म्हणजे हे तुझं घरचं होतं होय," मास्तर म्हणाले, आणि तिथून रीत पडली. कुणी काहीतरी विचित्र वाजवलं तर 'चुकलं' म्हणायचं नाही. 'हे घरचं का?' असं विचारायचं. तो 'हो' म्हणाला की बाकीच्यांनी निमूटपणे शिकून घ्यायचं.

रीत गुणाची होती. तिच्यात एकच खोट होती. खरोखरच चुकणाऱ्या माणसाला तिच्याआड लपायला ऐसपैस जागा होती.

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, कपाळाला सतत एक आठी. ती आठी रागाची नव्हती, बारीक स्क्रूंकडे बघून बघून पडलेली होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवणं, गरम करून काड्या वाकवणं, नाकावर रुतणाऱ्या गाद्या बदलणं, हे तिचं काम. दुकानाचे मालक म्हणायचे, ताईच्या बोटांना डोळे आहेत. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सकाळी दोघं डबे घेऊन निघायची, संध्याकाळी दोघांच्याही कपड्यांना तेलाचा वास. फरक एवढाच की त्याचा डबा रिकामा परत यायचा आणि तिचा अर्धा, कारण गिऱ्हाईक डोळ्यांपुढे अंधार घेऊन उभं असताना हिला घास उतरत नसे.

आणि रविवारी ती बगळी वाजवायची. बगळी म्हणजे लांब मानेचं, चार तारांचं, पोटाला छोटंसं वाद्य. खरं नाव काहीतरी भारदस्त असेल, पण ताईच्या माहेरी सगळे बगळीच म्हणत. वडील त्यात नावाजलेले. लग्नकार्याला, सुगी संपल्यावर, लोक त्यांना लांबलांबून बोलवायला यायचे. ताई लहान असतानाच त्यांनी वाजवणं सोडलं आणि बगळी भिंतीवर टांगली ती टांगलीच. तिला शिकवलं ते तोंडाने गाऊन, स्वतः वाद्याला बोट न लावता. खांद्यावरची शाल हातांवर ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "असं नाही, ऐक," आणि गाऊन दाखवायचे.

त्यांनी वाजवणं का सोडलं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ताईचा मोठा भाऊ, दादा, त्यांच्याबरोबर वाजवायला जायचा. एकदा त्याने लाकडाच्या वखारीत नोकरी धरली आणि अंगणात चारचौघांसमोर बापाला सुनावलं, "तुमच्या या टुणटुणीने कुणाचं पोट भरलंय?" त्याच थंडीत बगळी भिंतीवर गेली. पोराच्या बोलण्याने म्हाताऱ्याचं मन मोडलं, असं आई म्हणायची, आत्या म्हणायची, शेजारचे म्हणायचे. वडील स्वतः काहीच म्हणायचे नाहीत. आई गेली तेव्हा ताईनेही एकदा, रडण्याच्या भरात, दादाला तोंडावर ऐकवलं होतं. तो नुसता मान खाली घालून उभा राहिला होता. तेव्हापासून दोघं एकमेकांशी चांगली होती, पण जपून.

असो. मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. एक जलद धून चालली होती. ताईचा डावा हात बगळीच्या मानेवरून खाली उतरत होता आणि अनामिका ज्या पडद्यावर पडायला हवी तिथे ती पडलीच नाही. आपोआप वळून तळहातात जाऊन बसली. मान मुडपून बसलेल्या कोंबडीसारखी. ताईने कसंबसं मधलं बोट सरकवून तो सूर खालून ओढून घेतला. तोवर क्षणभर रिकामं गेलं होतं.

धून संपली. तिला वाटलं, आता कुणीतरी बोलणार. मास्तर बोललेच.

"ताई, ते मधेच थांबून खालून आलात, ते फार छान होतं. घरचं का?"

ताईने तोंड उघडलं. 'नाही हो, बोट अडकलं,' एवढंच तर म्हणायचं होतं. पण चौघं तिच्याकडे इतक्या आदराने बघत होते की ती म्हणून गेली, "हो. घरचं."

"काय म्हणतात त्याला?"

मास्तरांना कशालाही नाव लागायचं. बिननावाच्या वस्तूशेजारी त्यांना झोप लागत नसावी. ताईच्या डोक्यात काहीच येईना. समोर खोलीचं दार होतं, त्यापलीकडे टायरांची चळत. "उंबरा," ती म्हणाली.

"वा. म्हणजे सूर उंबऱ्याशी थबकतो आणि मग आत पाऊल टाकतो."

"तसंच काहीतरी."

पुढच्या रविवारी नर्स फिडलवर उंबरा घेऊन आली. आठवडाभर घरी बसून तिने तो घोटला होता, ड्यूटीवरून आल्यावर. बिचारीने इतका हुबेहूब उचलला होता की ताईच्या अंगावर काटा आला. आपल्याच दुखण्याची नक्कल समोर बसून कुणी मन लावून करावी, हे बघवत नाही. त्यानंतर कप्तान भाता क्षणभर रोखून उंबरा घ्यायला लागला. गवंडी त्या जागी ठोका गाळायचा. सरमिसळीच्या धुनांना म्हणे आता वजन आलं. लोकांना ती थबकण्याची जागा फार आवडायची, ऐकणारे श्वास धरायचे. कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी येऊन हमखास विचारायचं, ते मधेच थांबता ते काय असतं? मास्तर तयारच असायचे सांगायला.

इकडे बोट वाढत्या प्रमाणात बिघडत होतं. आणि भीती अशी की ते फक्त बगळीवर बिघडायचं. दुकानात तेच बोट डोळ्यांना जेमतेम दिसणारा स्क्रू अलगद धरायचं. घरी कणीक मळायचं, सुईत दोरा ओवायचं. बगळीच्या मानेवर ठेवलं की मेलं वळलंच. ताई हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी मूठ करायला लावली, पेन्सिल धरायला लावली, सांधा दाबून बघितला. "ठणठणीत आहे बोट," ते म्हणाले. "उगाच मनाला लावून घेऊ नका." फी देऊन ती बाहेर आली. रोग सापडला असता तर ती एवढी घाबरली नसती. बोट चांगलं आहे, मग वाईट काय आहे? हे कुणाला विचारायचं?

नवऱ्याला तिने एकदाच आडून विचारून पाहिलं. "एखादी गोष्ट बाकी ठिकाणी नीट चालते आणि एकाच जागी अडकते, असं असतं का हो?"

"असतं की. चौथ्या मजल्यावर अडकते, बाकी सगळीकडे पळते. तेल सोडायचं," तो म्हणाला आणि घोरायला लागला.

भित्रा माणूस हुशार होतो, ही एक विचित्र गोष्ट आहे. ताईने युक्ती काढली. जिथे बोट दगा देणार असं वाटायचं तिथे तर उंबरा व्हायचाच, पण जिथे बोट सरळ चाललं असतं तिथेही ती मुद्दाम घ्यायला लागली, म्हणजे कुणाला संशय नको. सुरुवातीला हे जमलं. काही महिन्यांनी तिचं तिलाच कळेना की कुठला उंबरा आपण घेतला आणि कुठला आपल्याला घ्यावा लागला. एकदा रियाझाला बसली असताना तिने ठरवलं, आज एकही घ्यायचा नाही. साधी, लहानपणी शिकलेली पहिली धून. तिसऱ्याच ओळीला बोट आत गेलं. पुन्हा सुरू केली. पुन्हा गेलं. करंगळीही आता त्याच्या मागोमाग जायला लागली होती. ताईने बगळी पलंगावर ठेवली आणि ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच.

तिला कशाची भीती होती ते स्पष्टच सांगायला हवं. मरणाची नव्हती, गरिबीची नव्हती. आठवड्यातले सहा दिवस ती लोकांच्या नाकावरच्या वस्तू दुरुस्त करणारी एक बाई होती. सातव्या दिवशी दुपारी ती खुर्चीत बसायची, चार माणसं तिच्याकडे बघून थांबायची, आणि तिने पहिला सूर लावला की सुरू व्हायची. ते गेलं तर मागे काय उरतं, याचा विचार ती करायला जायची आणि अर्ध्यातून परत फिरायची. त्यात आता खोटं बोलल्याचीही धास्ती. या लोकांनी तिच्या व्यंगाला तिच्या घराण्याची देणगी समजून डोक्यावर घेतलं होतं. कळलं तर? गवंडी एका शब्दासाठी रुसून गेला होता. इथे तर वर्षभर फसवणूक चाललेली.

शरद ऋतूत वाचनालयाच्या सभागृहात सरमिसळीचा कार्यक्रम ठरला. त्याच सुमारास दादाचा फोन आला.

"धाकटे, तुमचं वाजवणं ऐकलं मी. वखारीतल्या पोराने फोनवर लावून दिलं."

"बरं झालं की. आवडलं?"

मागे करवतीचा आवाज येत होता. "त्यात एक जागा आहे," तो म्हणाला. "तू थांबतेस आणि खालून येतेस. ते मला समोर बसून ऐकायचंय. कार्यक्रमाला येतोय मी."

जगात बगळी ओळखणारा, तीही वडिलांची बगळी ओळखणारा, एकच माणूस उरला होता आणि तो तिकीट काढून येत होता. उंबरा नावाचं काही त्यांच्या घरात, गावात, मुलखात नाही, हे त्याला नाही तर कुणाला कळणार? वर मास्तरांचा स्वभाव असा की ते दादाला गाठून पहिला प्रश्न तोच विचारणार. येऊ नको म्हणावं असं तिच्या मनात दहा वेळा आलं. पण इतक्या वर्षांत दादा आपण होऊन तिच्याकडे कधी आला नव्हता, आणि आता येतो म्हणतोय त्याला कुठल्या तोंडाने नको म्हणायचं?

तो आला, बसच्या प्रवासाने चुरगळलेला सदरा, हातात वखारीतून आणलेली एक सुबक लाकडी पेटी. "चष्म्याचे बारके स्क्रू ठेवायला," म्हणाला. पाठीत थोडा वाकला होता. सभागृहात दुसऱ्या रांगेत, नेमका तिच्या डाव्या हातासमोर, जाऊन बसला.

त्या दुपारी ताईने काय वाजवलं हे तिला सांगता आलं नसतं. नजर पुन्हा पुन्हा दुसऱ्या रांगेकडे जात होती. दादा खुर्चीच्या कडेला, पुढे झुकून बसला होता. पहिल्या दोन धुना तिने कशाबशा पार पाडल्या. तिसरी जलद होती. बोट एकदा गेलं, दोनदा गेलं, मग जाऊन तिथेच राहिलं. उघडेचना. उरलेल्या दोन बोटांनी ती सूर खालून ओढत राहिली, प्रत्येक सुराला उंबरा, आणि तिचे साथीदार, भले लोक, तिच्या मागोमाग प्रत्येक उंबरा ओलांडत आले. नर्स, कप्तान, मास्तर, आणि गवंड्याचा गाळलेला ठोका. एक मंडळच्या मंडळ तिच्या एका बोटामागे अडखळत चाललं होतं. टाळ्या थांबेनात. दादा टाळ्या वाजवत नव्हता. त्याने डोळ्यांवर हात ठेवला होता.

पडद्यामागे चहा होता. मास्तरांनी दादाला कोपऱ्यात गाठलंच. ताई कप घेऊन जवळच उभी होती.

"दादासाहेब, तुमच्या घरचा उंबरा आम्हाला नीट जमला का? मनात काही ठेवू नका."

"काय जमला?"

"उंबरा हो. ते थबकणं. ताईंनी शिकवला."

दादाने बहिणीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. आता होऊन जाऊ दे, असं काहीतरी तिच्या मनात आलं. त्यात सुटकाही होती.

"वडिलांचं आहे ते," दादा म्हणाला. "अगदी त्यांचंच."

मास्तर धन्य झाले. ताईच्या जिवात जीव आला. किती मनाचा मोठा आहे हा, तिला वाटलं, मी याला एवढं बोलले होते आणि याने आज माझी लाज राखली.

त्याची परतीची बस संध्याकाळची होती. स्टँड रस्त्यापलीकडेच. बगळी तिथेच ठेवून ती त्याला सोडायला गेली. बाकावर बसल्यावर म्हणाली, "दादा, माझ्यासाठी खोटं बोललास."

"कुठे खोटं बोललो?"

"बाबांचं आहे म्हणून."

"बाबांचंच आहे." तो तिच्याकडे वळला. "शेवटी शेवटी ते असंच वाजवायचे. मी शेजारी बसायचो ना. मधेच थांबायचे आणि खालून यायचे. आधी कधीतरी, मग सारखं. मला वाटायचं, म्हातारा नवीन काहीतरी काढतोय. एकदा एका लग्नात पार अडले. घरी येताना वाटभर बोलले नाहीत. मला वाटलं माझ्यावर चिडलेत, कारण त्याच आठवड्यात मी ते वखारीचं सुनावलं होतं." त्याने पिशवी पायांशी ठेवली. "आज तुझा हात बघितला मी समोरून. बोट आत जातं तुझं. तू घेत नाहीस, ते जातं. हो ना?"

ताईने मान हलवली.

"त्यांचंही जात होतं, धाकटे. तेच बोट. म्हणून शाल घ्यायचे हातावर. माझ्यामुळे नव्हतं ते."

आणि तो रडायला लागला. सत्तरीला आलेला माणूस, स्टँडवरच्या बाकावर, चारचौघांत. "माझ्यामुळे नव्हतं," तो परत परत म्हणत होता. "आई मरेपर्यंत माझ्याशी नीट बोलली नाही गं. त्यांनी एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? नुसतं म्हणायचं, बोट चालत नाही. मी काय हसलो असतो?"

ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिलाही बोलायचं होतं. मीही तुला बोलले, चुकलेच मी, असं. तेवढं ती बोललीही, आणि त्याने "जाऊ दे गं" म्हणून डोळे पुसले. चेहरा एकदम हलका झाला होता त्याचा, कितीतरी वर्षांनी तो मोठ्या भावासारखा दिसत होता. पण तिच्या मनात दुसराच प्रश्न उभा होता आणि तो विचारायची तिला हिंमत होईना. समोर बस येऊन लागली. माणसं सामान चढवायला लागली.

"दादा, ते पहिल्यांदा तसं वाजवायला लागले, आणि बगळी टांगली. मधे किती दिवस गेले?"

"फार नाही," तो पिशवी उचलता उचलता मोकळेपणाने म्हणाला. "आदल्या हिवाळ्यात सुरू झालं असेल. पुढच्या थंडीत तर टांगलीच."

एवढं म्हणून तो थांबला. पिशवी त्याच्या हातात तशीच राहिली. बहीण हे का विचारते आहे, ते त्याला आत्ता उमगलं. तो तिच्या डाव्या हाताकडे बघायला लागला.

"तुझं कधी सुरू झालं?" त्याने हळूच विचारलं.

"गेल्या हिवाळ्यात."

कंडक्टर हाका मारत होता. दादा चढला नाही. पुढची बस आहे म्हणाला, नसली तरी चालेल म्हणाला. दोघंही बाकावर बसून राहिली.

"मला फार भीती वाटते रे," ताई म्हणाली. वर्षभरात हे तिने पहिल्यांदा कुणाला सांगितलं.

"बाबांनाही वाटली असणार," दादा म्हणाला. मग रस्त्यापलीकडे सभागृहाकडे बघत, "तिकडे ती माणसं अजून असतील का गं?"

होती. कप्तान अकॉर्डियनच्या पट्ट्यांशी झटापट करत होता, नर्स त्याला मदत करत होती, मास्तर वाचनालयाच्या शिपायाला उंबऱ्याबद्दल सांगत होते. गवंडी डफ पिशवीत घालून दाराशी उभा होता. ताई आत आली. दादा दारातच थांबला.

"मला बोलायचंय," ताई म्हणाली. मास्तर बोलायचे थांबले, हेच मोठं. "उंबरा वगैरे काही नसतं. माझं बोट चालत नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले. वडिलांचं बोट असंच गेलं होतं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. माझंही जाणार. आता थोडेच दिवस आहेत. तुमच्यापैकी कुणामुळे नाही. एवढंच."

मास्तरांचा चेहरा पडला होता. नर्सने येऊन तिचा डावा हात आपल्या हातात घेतला, ती बोटं एकेक करून उघडली, मिटली, सरळ केली. ती सगळी सरळ झाली. "दुखतं?" तिने विचारलं.

"नाही."

"मी किती मेहनतीने शिकले होते," नर्स म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. ती रागावली होती की काय, ते ताईला कळेना. नर्सने हात मात्र सोडला नव्हता.

गवंड्याला भाषा सगळ्यांत कमी यायची. त्याने कप्तानाला दोनदा विचारून घेतलं, काय म्हणाली ही. कप्तानाने आपल्या बोटाने करून दाखवलं. गवंडी ताईकडे वळला. एका शब्दासाठी निघून गेलेला हा माणूस, याच्या हातात पिशवी तयारच होती.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. थंडी संपेपर्यंत, फार तर."

गवंड्याने पिशवी खांद्याला लावली.

"मग रविवारी लवकर ये," तो म्हणाला. "जेवू नको घरी. सकाळीच ये."